घरटी एक माणूस

नागोठण्याच्या कंपनीत मी पॅकिंगला होते, कंत्राटी. त्या महिन्यात मला कायम करायचं घाटत होतं आणि नेमके तेव्हाच मुंबईच्या प्लांटमधून नवे साहेब आले. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी पडद्यावर आलेखाचे दोन खांब दाखवले. मुंबईचा उंच, आमचा बुटका. "तिकडे एक माणूस करतो ते इथे दोघं करतात," म्हणाले. का, तर म्हणे गावची माणसं दांड्या मारतात. असा संताप आला! पण नोकरी हवी होती, गप्प बसले.

आठवडाही झाला नाही तोच पौर्णिमेच्या उधाणात, भर दुपारी, आईचा फोन आला. "बांधाला खांड पडली गो! सगला गाव निघाला. आपल्या घरातना कोन हाय?"

पेणजवळच्या आमच्या खारपट्ट्यात शेत आणि खाडी यांच्यामध्ये एक मातीचा बांध, बस्स. तो फुटला की घरटी एक माणूस जातो, बोलावणं लागत नाही. पुढच्या भरतीआधी खांड बुजली नाही तर खारं पाणी शेतात बसतं, मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. वडील गेल्यापासून आमच्या घरचा माणूस म्हणजे मीच.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आज गेलात तर कायम व्हायचं विसरा."

गेले. एसटीने पेण, तिथून रिक्षाने गाव. ओहोटीच्या चिखलात रांग लागलीच होती. माझ्यापुढे दुबईहून सुट्टीवर आलेले शेजारचे चाचा, चांगली पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे. "कंपनी सोडून आलीस? बरा केलास गो," म्हणत त्यांनी मातीचं ढेकूळ माझ्या हातात दिलं. अंधार पडायच्या आत खांड बुजली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "परत असं होणार नाही एवढं बोला, मी बघतो." आवाजात राग नव्हता. हो म्हणून टाकावं, असं क्षणभर वाटलं. आईची औषधं डोळ्यांपुढे आली.

"साहेब, परत फुटला तर परत जाणार," मी म्हटलं. "काल मी झोपा नाय काढल्या. गावाचं भात वाचवून आले. ते तुमच्या खांबात कुठे धरलंय?"

त्यांनी मला कायम करायचा कागद बाजूला सरकवला.

मी अजून कंत्राटीच आहे. पौर्णिमा-अमावास्येला फोन पुरता चार्ज करूनच शिफ्टला जाते.