दिलीपनं सुचवलेले इंजेक्टर

जुन्या जीपवाल्यांनो, आज डोकं लय फिरलंय, म्हणून लिहितोय.

माझ्या जुन्या डिझेल जीपला टर्बो बसवला, तेव्हा नवे इंजेक्टर कुठल्या मापाचे घ्यायचे ते मी दिलीपला विचारलं. फौजेत गाड्या दुरुस्त करून रिटायर झालेला माणूस, जीपही माझ्यासारखीच, टर्बोवाली. म्हणाला, "मूळ मापाचेच घे गड्या. मोठे घेतलेस तर डिझेल जास्त फवारून पिस्टन जळंल." मी डोळे झाकून ऐकलं. तेव्हापासून चढ आला की जीप धापा टाकते.

वैतागून आज सांगलीला डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या अण्णांना दाखवली. दिलीपनं सांगितलेलं माप ऐकून ते हसायलाच लागले. "आवं, टर्बोला मोठंच लागत्यात. दिलीपरावांनी तर कवाच न्हेलं माझ्याकडनं!"

तिथनंच दिलीपला फोन लावला. म्हणाला, "आन् गेल्या साली घाटात सगळ्यांदेखत मला मागं टाकलंस, ते?"

दिलीप, तू पण या ग्रुपमध्ये हायस, म्हणून इथंच विचारतो. मागं टाकलं होतं, व्हय. पण वर पोचल्यावर दोन चहा सांगून तुझी वाट बघत बसलो होतो, दोन्ही गार होईस्तोवर. ते न्हाई आठवत व्हय रं?