गोधडीचा घास

माझ्या बाळंतपणासाठी सासूबाई ड्रेस्डेनला आल्या तेव्हा मला सातवा लागला होता. त्याआधी एक बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे या खेपेला घरात कुणी मोकळेपणानं हसतसुद्धा नव्हतं. सासूबाईंनी माझ्या जुन्या सुती साड्या मागून घेतल्या आणि बाळासाठी गोधडी शिवायला घेतली.

खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजीबाईंनाही शिवणाचा नाद. दुपारी दोघी त्यांच्याकडे शिवत बसायच्या आणि मध्ये मी दुभाषी. कच्चा टाका म्हणजे थर सरकू नयेत म्हणून घातलेला लांब, ढिला टाका. काम झालं की तो ओढून काढायचा. आजीबाई त्याला हेफ्टेन म्हणायच्या. धावदोरा म्हणजे सुई खाली-वर करत सरळ पळवायची. टीप म्हणजे मशीनची शिलाई. इथवर माझं जर्मन पुरलं. अडलं ते ‘तोंडा’शी. गोधडीच्या कडेला चार बोटं जागा उघडी ठेवायची, तिला सासूबाई तोंड म्हणत. बाळ झालं की त्यातून पोळीचा घास आत सारायचा आणि मगच तोंड शिवायचं. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याला खाते म्हणे. मी जमेल तसं सांगितलं. आजीबाई मान डोलावून “गेनाऊ”, अगदी बरोबर, म्हणाल्या. इतक्या चटकन कळलं, तिथंच मला शंका यायला हवी होती.

एक दिवस गोधडी त्यांच्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ती घेऊन वर आल्या. धुतलेली, इस्त्री केलेली आणि तोंडावर सुबक टीप मारलेली.

“आल्झो, फेर्टिश,” त्या म्हणाल्या. म्हणजे, झालं तयार. बिचाऱ्यांना आमचं उरलेलं काम हातावेगळं करायचं होतं.

सासूबाईंनी गोधडी हातातही घेतली नाही. आजीबाई गेल्यावर म्हणाल्या, “उपाशीच मिटली गं.”

माझं डोकं फिरलं. “अहो आई, कापड आणि दोरा आहे तो. त्याला कुठलं आलंय पोट?”

त्या माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. त्यांनी तसं बघितलं म्हणून मीही हात ठेवला. न्याहारीनंतर बाळ रोज लाथा मारायचं. आज सगळं गप्प होतं. साखर घालून दूध प्याले, डाव्या कुशीवर पडून राहिले. तरी गप्पच. मला भयंकर भीती वाटली. नवऱ्यानं गाडी काढली.

हॉस्पिटलमध्ये ठोके सापडले, पण मंद, मध्येच बुडणारे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करायचं. मला आडवं करून नेत होते तेव्हा मी घरी फोन लावला. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात काम करणारी, पुराव्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी मी.

“आई, ती टीप उसवा. घास घाला.”

“उसवली,” त्या म्हणाल्या. “पण घरात पोळी नाही. कणीक मळतेय. त्यांना म्हणावं, जरा थांबा.”

“आइनेन मोमेंट, बिट्टे,” मी डॉक्टरीणबाईंचा हात धरून म्हणाले. “बिट्टे.”

त्यांनी हात सोडवून घेतला आणि मला आत नेलं. थांबल्या असत्या तर लेक हाती लागली नसती.