व्याज न घेण्याची फी

लग्नात, बारशात कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी आधी इकडेतिकडे बघते. "कर्जात अडकलेल्या लोकांना हप्त्यांचा हिशेब बसवून देते" एवढं म्हटलं की समोरचा माणूस प्लेट घेऊन माझ्या शेजारची खुर्चीच पकडतो. जेवणं उरकेपर्यंत माझ्याकडे आणखी एक किस्सा जमा झालेला असतो. आमच्या कामात बाकी काही शिल्लक पडत नाही, किस्से तेवढे पडतात!

आमचं सल्ला केंद्र मारतहळ्ळीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. फी नाही. माणसं दोनच. एक मी, नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून इथे कानडी मुलखात आलेली. दुसरे हुक्केरी सर. मूळचे निपाणीचे, बँकेतून रिटायर झालेले. जन्मभर लोकांना कर्जं दिली, आता फेडायला शिकवतात. "आधी आत घातलं, आता बाहेर काढतोय की!" असं तेच सांगतात.

*

पहिल्यांदा येणारा माणूस कधीच स्वतःसाठी येत नाही. तो मित्रासाठी येतो.

आयटीतला एक मुलगा असाच आला. लॅपटॉपची बॅग मांडीवर घट्ट धरून म्हणाला, "मित्राचं जरा झालंय. तीन क्रेडिट कार्डं आहेत. तो दर महिन्याला मिनिमम ड्यू भरतो. तेवढं पुरतं ना?"

"फोन येऊ नयेत एवढ्यापुरतं पुरतं," सर म्हणाले. "बाकीच्यावर व्याज चढतच राहतं. मित्रालाच घेऊन या की."

पुढच्या शनिवारी तो खरोखर एकाला घेऊन आला! मित्र सगळं पाठ करून आलाय हे चेहऱ्यावरच दिसत होतं. तीन कार्डं, मिनिमम ड्यू, सगळं न अडखळता सांगून झालं. मग सरांनी कागदावर व्याज मांडून दाखवायला सुरुवात केली. मित्र आधी खुर्चीत टेकून बसला होता, तो हळूहळू पुढे झुकला. घसा खाकरून म्हणाला, "सर, एक मिनिट. हे सगळ्यांना लागतं?"

"सगळ्यांना."

"मग ह्याचं राहू द्या. आधी माझं बघा!"

*

सरांच्या टेबलावर एक मोठी कात्री असते. क्रेडिट कार्ड आवरतच नसेल तर ते आमच्यासमोर कापायचं, अशी सरांची पद्धत.

एका मुलीनं कापलं. डोळे भरून आले होते तिचे. कापल्यावर मात्र मोकळी हसली. "इतकं हलकं वाटतंय, सर!" म्हणत खाली बसली, फोनवर काहीतरी करत राहिली. थोड्या वेळानं दारात डिलिव्हरीवाला उभा. हातात केक.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "सेलिब्रेशन!"

सरांनी केककडे बघितलं, मग कार्डाच्या तुकड्यांकडे. "पैसे कशातून दिले?"

"ॲपमध्ये कार्ड सेव्ह असतं ना, सर."

सरांनी केक खाल्ला नाही. मी खाल्ला. चांगला होता.

*

गणपतअण्णांचा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना आहे, मशीनचे सुटे भाग करतात. माणूस व्यवहाराला पक्का. मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "नो कॉस्ट ईएमआय आहे अण्णा, व्याज अजिबात नाही."

अण्णांनी कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणून सही केली. पावती आली तर त्यात प्रोसेसिंग फी!

"व्याज नाही म्हणालात. मग ही फी कशाची?"

दुकानदारानं कंपनीला फोन लावला. कंपनीतल्या माणसानं फाईल बघितली आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, "सर, व्याज न घेण्याची."

*

येलहंक्याच्या एक जोशीकाकू आहेत. सोन्यावर कर्ज काढलेलं, दरवर्षी व्याज भरून तेच पुढे ढकलतात. मुलगा वैतागून त्यांना आमच्याकडे घेऊन आला. सरांनी समजावलं, "काकू, पैसे आले आहेत तर दागिने सोडवून आणा."

"कशाला?" काकू म्हणाल्या. "तिथे कसे सुरक्षित आहेत. लॉकरचं भाडंही वाचतं!"

"अहो, पण व्याज?"

"ते हे भरतात."

*

एकदा देशमुख नावाचे गृहस्थ समोर बसलेले असताना त्यांना वसुलीचा फोन आला. एक बाई हिंदीत कडाडत होती. पैसे भरा, नाहीतर माणसं घरी येतील, शेजाऱ्यांसमोर तमाशा होईल. देशमुखांनी फोन कानापासून लांब धरला. सरांनी फोन काढून घेतला.

"बाई, घरी कशाला, इकडेच पाठवा," सर त्यांच्या निपाणी हिंदीत म्हणाले आणि पत्ता सांगितला. "कर्ज सल्ला केंद्र आहे. पैसे भरायचेत ह्यांना, हप्ता कमी करून मागतोय. कागदावर बोलू, ओरडायचं नाही."

पलीकडून एकदम हळू आवाजात, चक्क मराठीत: "सर, शनिवारी किती वाजेपर्यंत असता?"

ती आली. सोलापूरची होती. तिचेही हप्ते थकलेले. बसली, पाणी प्यायली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"मलाही फोन येतात, मॅडम. आणि काय घाण बोलतात हो ती माणसं!"

*

आणि आता रोहिणी आणि नीलेश.

दोघं नागपूरचे, दोघं आयटीतले. लग्नानंतर लगेच जॉइंट होम लोन काढून फ्लॅट घेतला. फर्निचरसाठी पर्सनल लोन, पडद्यांसाठी कार्ड. मग नीलेशची नोकरी गेली. हप्ते थकले, भांडणं सुरू झाली आणि आमच्याकडे आले तेव्हा दोघं दोन रिक्षांतून आले.

"आम्हाला वेगळं व्हायचंय," रोहिणी म्हणाली. "फक्त कर्जाचं काय करायचं ते सांगा."

फ्लॅट विकावा तर बिल्डरचे कागद अडकलेले, गिऱ्हाईक मिळेना. कर्ज एकाच्या नावावर करावं तर एकट्या रोहिणीचा पगार त्याला पुरत नव्हता आणि नीलेशला तर पगारच नव्हता. त्यांनी बँकेत विचारलं. बँकेतले साहेब म्हणाले, "तुम्ही जरूर वेगळे व्हा, आमची काहीच हरकत नाही. हप्ता तेवढा एकत्र ठेवा!"

सरांनी दोघांचा खर्च मांडला. एका घरात दोन वायफाय, दोन दूधवाले. जेवण दोघांचं वेगवेगळं, बाहेरून. सर म्हणाले, "भांडायचं तर भांडा. पण वायफाय एक, दूध एक आणि स्वयंपाक घरात. घरी कोण असतं? नीलेश. तो करेल."

"ह्याला चहा येत नाही!" रोहिणी म्हणाली.

"शिकेल की. स्वल्प दम धरा."

पुढच्या वेळी ती तक्रार घेऊनच आली. वरणात मीठच नसतं. त्याच्या पुढच्या वेळी, पोळ्या कडक असतात, पण आकार बरा आहे. नीलेश खाली मान घालून बसायचा. एकदा मात्र म्हणाला, "हिला सांगा मॅडम, डबा परत आणताना निदान धुवून आणत जा." मी म्हटलं, "हे मी कर्जाच्या कुठल्या रकान्यात लिहू?" रोहिणी हसली. दोघांपैकी कुणालातरी हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

पर्सनल लोन फिटलं. कार्डं फिटली. नीलेशला नोकरी लागली. एकाच रिक्षातून यायला लागले. आम्हाला वाटलं, भाडं वाचवत असतील.

मग एक दिवस बिल्डरचे कागद मोकळे झाले आणि फ्लॅटला चांगलं गिऱ्हाईकही आलं. सरांनी खुशीत हिशेब केला. होम लोन पूर्ण फिटत होतं, वर दोघांनाही बऱ्यापैकी पैसे उरत होते.

"सुटलात!" सरांनी दोघांशी हात मिळवला. "आता सह्या करा, वाटे करा आणि आपापल्या मार्गानं सुखात राहा."

नीलेश पेनचं टोपण उघडत होता, लावत होता. रोहिणी खिडकीतून बाहेर बघत होती.

शेवटी नीलेश म्हणाला, "सर, त्या होम लोनची मुदत वाढवून मिळते का?"

"वाढवून?" सर चक्रावले. "अहो, सगळंच फिटतंय की! मुदत कशाला वाढवायची?"

नीलेशनं रोहिणीकडे बघितलं. ती खिडकीतून वळली आणि मला म्हणाली,

"मॅडम, जास्तीत जास्त किती वर्षं मिळतात?"