सुखरूप पोहोचल्याचा निरोप

तो गुन्हा कागदोपत्री केव्हाच निकाली निघाला. माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

पोलीस उपनिरीक्षक म्हणून मी थोडीच वर्षं काढली, मग नोकरी सोडली. हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात महिलांच्या तक्रारी माझ्याकडे असायच्या. शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, त्यामुळे सुरुवातीला जबाब लिहिताना हात अडायचा. मी कमी बोलायचे. चौकशीत त्याचा फायदा होतो. समोरचा शांततेला घाबरून बोलायला लागतो.

ही बाई शिवणकाम करायची. वय पंचविशीच्या आत. नवऱ्याच्या मारहाणीमुळे तिने घर सोडलं, छळाचा गुन्हा दाखल झाला, न्यायालयाने त्याला तिच्या जवळ जायला मनाई केली. ती हिंगोलीत मावशीकडे राहायला गेली. तिसऱ्या दिवशी नवरा दारात उभा. तिथून आम्ही तिला जवळा बाजारला मैत्रिणीकडे पोहोचवलं. तिसऱ्या दिवशी भर आठवडी बाजारात त्याने तिचा उजवा हात पिरगाळला. दोन बोटं मोडली. शिवणाऱ्या बाईची उजव्या हाताची बोटं. त्याला अटक झाली आणि जामीनही झाला.

ठाण्यात ती माझ्यासमोर बसली होती, हाताला प्लास्टर. रडत नव्हती. म्हणाली, "मॅडम, त्याला माझा वास येतो काय?"

मी तिचा फोन तपासला. हेरगिरीचं अ‍ॅप असेल तर ते सतत जागा शोधत राहतं, फोन गरम होतो, बॅटरी झपाट्याने उतरते, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. हिच्या फोनची बॅटरी दिवसभर टिकत होती. अनोळखी असं काहीच सापडलं नाही. बँकेचं, गाण्यांचं आणि एका संस्थेने बनवलेलं महिला सुरक्षेचं, एवढीच अ‍ॅप होती. फोन साफ आहे, असं मी तिला ठामपणे सांगितलं.

मग उरला माणसांवरचा संशय. दोन्ही पत्ते ठाण्यात फक्त मला आणि आमच्या हवालदार ताईंना माहीत होते. ताईंचं माहेर त्या नवऱ्याच्याच गावचं. मी त्यांना काही विचारलं नाही, पण तिसरा पत्ता त्यांना सांगितला नाही. त्यांच्या ते लक्षात आलं. दोन दिवस त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला नाही.

तिसरा पत्ता वारंगा फाट्याचा. तिथे एका बाईच्या शिवणकामाच्या दुकानामागे खोली होती. एका हाताने का होईना, काजं-बटणं करीन, असं ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मला तिथल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या चाचांचा फोन आला. नवरा फाट्यावर आला होता. चाचांनी तिला दुकानात घेऊन शटर ओढलं होतं आणि आसपासच्या दुकानदारांनी त्याला धरून बसवलं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा चाचांनी मला बाजूला घेतलं. तिने सकाळी फोनची काच बदलायला दिली होती. नवी काच नीट चालते का ते बघत, फोन हातात घेऊनच ते दोन किलोमीटरवर घरी जेवायला गेले.

"मॅडम, बराबर सांगतो. जाताना फोनच्या माथ्यावर जागेची खूण उगवली. एक क्षण. लगेच गेली. परत आलो तर त्याच ठिकाणी पुन्हा उगवली. सारखी राहिली असती तर मीच पकडलं असतं. हे झोपून राहतंय आणि उंबरठा ओलांडला की डोळा उघडतंय."

चाचांची ही खबर डोक्यात ठेवून मी नवऱ्याला चौकशीला घेतलं. पत्ता कोणी दिला, हे मागच्या अटकेत त्याला विचारायचं राहूनच गेलं होतं; तेवढंच विचारलं आणि गप्प बसले. खोटं बोलणारा माणूस साधारणपणे आधी शपथ घेतो. याने शपथ घेतली नाही. उलट त्यालाच माझं नवल वाटत होतं.

"तुमीच तर कळवून राहिले मॅडम. मला वाटलं, समेट करायला बोलावून राहिले. आता मलाच काहून धरलं?"

त्याने फोन पुढे केला. तीन संदेश होते. मजकूर एकच, गाव तेवढं वेगळं. शेवटचा त्याच सकाळचा होता: 'आपल्या कुटुंबातील महिला सदस्य वारंगा फाटा येथे सुखरूप पोहोचल्या आहेत.' खाली नकाशा. पाठवणारं होतं ते सुरक्षेचं अ‍ॅप, आणि खाली नाव आमच्या ठाण्याचं.

संदेश वाचता वाचता मी उठून उभी राहिले होते. ताई मागे उभ्या होत्या. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

अ‍ॅप बनवणारा तरुण दुसऱ्या दिवशी ठाण्यात आला. गुन्हेगार नव्हता. आपल्या कामाचा त्याला अभिमान होता. उपग्रहाकडून सतत जागा विचारली तर फोन दुपारीच बंद पडतो आणि बायका अ‍ॅप काढून टाकतात, हे त्याने सुरुवातीलाच पाहिलं होतं. म्हणून त्याने जागेभोवती दोनशे मीटरचं अदृश्य रिंगण आखलं. राखण फोनच्या प्रणालीवर सोपवली आणि अ‍ॅप झोपवलं. मोबाईलचा टॉवर बदलला, आसपासचे वायफाय बदलले आणि फोन हलतोय असं दिसलं, तरच ते जागं होणार. एकदाच नेमकी जागा विचारून पुन्हा झोपणार. नव्या ठिकाणी दोन रात्री मुक्काम झाला की तिथे आपोआप नवं रिंगण आणि पोहोचल्याचा संदेश.

"दिवसाला एक टक्काही बॅटरी खात नाही, मॅडम."

दोन रात्री. म्हणजे प्रत्येक वेळी तिसरा दिवस.

संदेश कोणाला जातो, मी विचारलं. म्हणाला, कुटुंबप्रमुखाला. तो रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढेच सरकत नाही. बाई कुठे आहे याची घरच्यांना काळजी असते ना, म्हणून. ज्या घरातून बाई पळाली ते घर त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

हिचा अर्ज कोणी भरला, हे त्याने संगणकावर पाहून सांगितलं. भरणाऱ्याच्या जागी माझंच नाव आणि हुद्दा होता.

मग आठवलं. ती पहिल्यांदा तक्रार घेऊन आली त्या दिवशी, तिच्या सुरक्षेसाठी म्हणून, मीच ते अ‍ॅप तिच्या फोनमध्ये टाकलं होतं. रेशनकार्ड असो की बँकेचा अर्ज, बाईच्या नावापुढे आधी बाप आणि मग नवरा लिहायचा, ही सवय माझ्या बोटांत होती. कुटुंबप्रमुखाचा नंबर सांग, असं मी विचारलं. तिने नवऱ्याचा सांगितला. मी तो भरला. समोर त्याच नवऱ्याविरुद्धची तिची तक्रार उघडी होती.

मी स्टेशन डायरीला स्वतःच्या नावाने नोंद केली आणि वरिष्ठांना अहवाल दिला. त्या बैठकीबद्दल लिहीत नाही. ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मी बी तोच संशय घेतला असता, मॅडम. पण विचारायचं होतं." पुढे आठवडाभर आम्ही दोघी नोंदवही घेऊन बसलो आणि आमच्या ठाण्यातून ते अ‍ॅप घेतलेल्या एकेका बाईला फोन करून त्या रकान्यात कोणाचा नंबर आहे ते विचारलं. काही फोन पुरुषांनीच उचलले. ते आम्ही काही न बोलता ठेवून दिले आणि त्या बायकांना प्रत्यक्ष जाऊन भेटलो.

नवऱ्याचा जामीन रद्द झाला. त्यानंतर मी फाट्यावर जाऊन तिला सगळं सांगितलं. ती ओरडेल, निदान उठून जाईल, अशी माझी तयारी होती. तिची बोटं जुळली होती, पण सुई धरण्याइतकी वाकत नव्हती.

तांत्रिक गुन्ह्यांबद्दल लोक मला सावध कसं राहावं ते विचारतात. बॅटरीवर विश्वास ठेवू नका, कोणत्या अ‍ॅपला जागा कळते ते बघा, संदेश कोणाकडे जातो ते आधी विचारा, हे मी सांगते. ते खरंच आहे. पण मला या प्रकरणाने शिकवलं ते तिने त्या दिवशी दोन वाक्यांत सांगितलं. मी ते कोणत्याही कागदावर घेतलं नाही.

"तुमी नंबर टाकला तवा मी पण बघून राहिले होते मॅडम. मला बी त्यात काही वावगं दिसलं न्हाई."