सावद्याहून फिजीची चौकशी

पाईपच्या दुकानात दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज सकाळी झटकतो. किस्से मात्र गिऱ्हाइकाबरोबर येतात, चहा पितात आणि इथेच मुक्काम करतात. जळगावात इंटरनेट नवं नवं आलं त्या वर्षी तर एकट्या नानांनीच माझं गोदाम भरून टाकलं.

नाना म्हणजे सावद्याचे केळीवाले. घरचे-दारचे सगळे त्यांना नानाच म्हणतात. त्यांच्या वंदनाला धुळ्याचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा केमिस्ट. अडचण एकच. मुलगा नोकरीला फिजीत, तिथल्या साखर कारखान्यात. वंदनाला तो पसंत होता. धुळेकरांना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत शब्द हवा होता. नानांचा जीव काही समुद्र ओलांडत नव्हता.

मुलाच्या वडिलांना काहीही विचारा, सगळं चांगलंच. अहिराणीत उत्तर एकच: "बठ्ठं चांगलं शे."

"बठ्ठंच चांगलं असलं की मले भ्याव वाटते," नाना मला म्हणाले.

आमच्याकडे चौकशीशिवाय मुलगी देत नाहीत. चौकशीची रीत अशी, की मुलाच्या गावी जायचं, चहाच्या टपरीवर बसायचं आणि मुलाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बैलाचा भाव विचारायचा, विहिरीच्या पाण्याचं विचारायचं. गाव हुशार असतं. बैलावरून मुलावर ते आपणच येतं. अशी कितीतरी मुलं मी पास-नापास केलीत.

"पण फिजीत टपरी कुठी शोधू, शेठ?"

माझ्या दुकानावरच्या मजल्यावर सोनवणे भाऊंचा सायबर कॅफे होता. टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन त्यांनी तीन कॉम्प्युटर मांडले होते. ते म्हणाले, "माझ्याकडे बसा ना. टपरीच आहे. फक्त चहा तुमचा."

*

पहिल्यांदा उघडलं ते पर्यटनाचं पान. त्या काळी फोटो वरून खाली, इंच इंच उतरायचा. आधी आभाळ आलं, मग नारळाचा शेंडा, मग ओले केस, मग उघडे खांदे.

नाना ताडकन उठले. "बंद करा, भाऊ. पोरगी सोबत हाये."

वंदना म्हणाली, "नाना, पैसे तासाचे आहेत. पूर्ण येऊ द्या."

पूर्ण आला. म्हातारा कोळी होता, हातात मासा.

पर्यटनाच्या पानाबद्दल माझं मत तेव्हाच झालं. स्थळाबरोबर येतो ना फोटो, तसं ते असतं. उजेड कायम चांगल्या बाजूनं.

*

मग सोनवणे भाऊंनी ज्ञानकोशासारखं एक पान काढलं. देशात तीनशेच्या वर बेटं.

"मंग जावई कोणत्या गटात?" नाना म्हणाले. "सात-बारा निघतो का?"

लोकसंख्या वाचली. आपल्या जिल्ह्याहून कितीतरी कमी. हे ऐकून मात्र नाना पहिल्यांदा खुलले.

"म्हंजे तठला पंतप्रधान आपल्या झेडपी अध्यक्षाएवढा. काही अडलं-नडलं तर भेटता येईन."

*

माझ्या मते सगळ्यात कामाचं पान तिथल्या वर्तमानपत्राचं. गाव ओळखायचं तर बातम्या वाचू नयेत, जाहिराती वाचाव्यात. कोण काय विकतंय, कोणाला भाडेकरू हवाय, कोणती शाळा मास्तर शोधतेय. वंदना वाचायची, मी मान डोलवायचो. गाव बरं वाटलं.

नानांचं लक्ष वरच्या तारखेवर. "भाऊ, ही तारीख उद्याची हाये."

सोनवणे भाऊंनी समजावलं, की दिवस आधी तिकडे उजाडतो. आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडे उद्याचा दिवस लागतो.

नाना खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "मंग उद्याचा केळीचा भाव पाहा."

*

हसून झालं, पण एका पानानं सगळ्यांना गप्प केलं. ते हवामानाचं. नकाशावर समुद्रात एक गोल फिरत होता. चक्रीवादळ. केळीवाल्याला वाऱ्याचं सांगावं लागत नाही. नाना उठून जिन्यापाशी जाऊन उभे राहिले.

"वारं सुटते तठी. मी नाही देत पोरगी."

वंदना स्क्रीनकडे बघतच बोलली. "नाना, मागच्या उन्हाळ्यात आपली अख्खी बाग आडवी झाली. आपण सावदा सोडलं?"

नाना बसायला परत आले.

*

शेवटी चौकशीची खरी वेळ आली. व्यापाऱ्यांच्या यादीचं एक पान सापडलं. त्यात मुलाच्याच गावातलं एका गुजराती कापडवाल्याचं दुकान निघालं, ई-मेलसकट. मी रीत सोडली नाही. इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहवून घेतलं. तिकडे पाईपचा भाव काय, पाऊस कसा, कारखान्यातली माणसं व्यवहाराला कशी. मुलाचं नाव नाही, गाव नाही, लग्नाचा वासही नाही. स्वतःवर खूश होऊन मी खाली गेलो.

दोन दिवसांनी उत्तर आलं. पाईपचे भाव व्यवस्थित लिहिले होते. पावसाचंही होतं. खाली एक ओळ:

"आणि ज्या मुलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तो चांगला आहे."

*

मला वाटलं, संपलं. तर पाठोपाठ त्याच कापडवाल्याची दुसरी मेल. सावद्याला केळीचा भाव काय? पाणी किती खोल? माणसं कशी?

मी आणि नानांनी एकमेकांकडे बघितलं. साड्या विकणारा माणूस समुद्रापलीकडून केळीचा भाव कशाला विचारेल? आणि सावद्याचं नाव त्याला मुलाशिवाय कोण सांगणार?

"शेठ," नाना हळूच म्हणाले, "ही माही चौकशी हाये."

आता पंचाईत माझी. ज्याची चौकशी, तोच मांडीला मांडी लावून बसलेला.

"खरं लिहा," नाना म्हणाले.

मी सांगत गेलो, वंदना टाईप करत गेली. भाव बरा. पाणी खोल चाललंय. माणसं चांगली.

"तापट हाये म्हनून लिहा," नाना मध्येच बोलले. "मागून कळण्यापेक्षा आधीच कळू द्या."

तेही लिहिलं. मग वंदनानं आणखी एक ओळ आपल्या मनानं घातली आणि आम्ही वाचायच्या आत बटण दाबलं.

"काय लिहिलं वं?"

"केळीचंच, नाना."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनवणे भाऊंनी जिन्यातून हाक मारली. उत्तर आलं होतं, दोनच ओळी. मी मोठ्यानं वाचल्या.

"मुलाला विचारलं. तो म्हणतो, मुलीची अट मंजूर, तिचे वडील दरवर्षी दोन महिने इथे राहायला येतील, पण त्यांनी इथल्या केळीला नावं ठेवायची नाहीत."

नानांनी वंदनाकडे बघितलं. ती कीबोर्डवरची धूळ पुसत होती. नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला बराच वेळ पुसला आणि परत लावला.

"भाऊ," ते म्हणाले, "ते वाऱ्याचं पान लावा बरं. वारं कोणत्या महिन्यात नसते तठी?"