दुखायचं थांबलं तेव्हा

दुपार झाली तरी मागच्या शेडमधून रंध्याचा आवाज आला नाही, तेव्हा वहिनी बघायला गेल्या. त्यांचा दीर सुतार. हातात पटाशी घुसली तरी फडकं गुंडाळून कपाट पुरं करणारा माणूस. कालपासून त्याच्या बेंबीभोवती दुखत होतं, ओकारीही झाली होती, आणि आज दुखणं उजवीकडे खाली सरकलं होतं. "गॅस असेल," एवढंच तो म्हणत होता. नवरा ट्रक घेऊन परगावी गेलेला. विचारायचं तरी कुणाला?

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "वहिनी, थांबलं बघा. तुम्ही उगाच जीव टांगणीला लावलात."

वहिनींना हायसं वाटलं. त्यांनी चहाचं आधणही ठेवलं. पण हा गडी कूस बदलेना. गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, कपाळावर घाम, अंग तापलेलं.

"भाऊजी, उठून बसा बघू."

"नको. असंच बरं वाटतंय."

इतक्या वर्षांत त्यांनी दिराला कधी हात लावला नव्हता. आज संकोच गिळून पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं कडक. हात उचलला तसा तो कळवळला.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. "दुखायचं तर थांबलंय. मग आणू की नको?"

सगळं ऐकून नर्सबाई म्हणाल्या, "तरी आणाच, आणि इथे नको, थेट मोठ्या इस्पितळात. पाणीसुद्धा देऊ नका. रुग्णवाहिका बोलवा."

"उद्या कपाट पोचवायचंय," दीर पुटपुटला.

"कपाट राहू दे."

वाटेत तो घोटभर पाणी मागत राहिला आणि वहिनी मान हलवत राहिल्या. प्रत्येक खड्ड्याला तो कण्हायचा. कधी न कण्हणारा माणूस कण्हतोय, याचीच त्यांना जास्त धास्ती वाटली.

अपेंडिक्स फुटलं होतं. "फुटल्यावर घटकाभर बरं वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि माणसं घरीच थांबतात." मग त्या ऑपरेशनला आत गेल्या. बाहेर बाकावर बसलेल्या वहिनींना, निर्धास्त होऊन ठेवलेलं ते चहाचं आधण राहून राहून आठवत होतं.

तो वाचला. टाक्यांमुळे वाकता येईना, म्हणून घरी आल्यावर शेडच्या दारात स्टुलावर बसायचा. वहिनी मात्र पुढे कितीतरी दिवस, तो जरा गप्प झाला की हातातलं काम टाकून बघून यायच्या.