मधोमध बसवलेला दगड

इलेशा गावात, बाजाराकडून वर येणाऱ्या चढावर, ओगुनलेये घराण्याची माडी उभी आहे. कोकोच्या व्यापारात चांगले बस्तान बसल्यावर सॅम्युएल ओगुनलेये यांनी ती सन १९२६ मध्ये बांधून घेतली. त्यासाठी त्यांनी थेट लागोसहून गवंडी आणले. ब्राझीलहून परत आलेल्या कारागिरांच्या हाताखाली हे गवंडी शिकले होते. त्यांनी हातभर जाडीच्या मातीच्या भिंती उभारल्या, त्यांना सिमेंटचा गिलावा केला, खिडक्यांच्या कमानींत रंगीत काचा बसवल्या आणि दर्शनी भागाच्या माथ्यावर दोन सिंह घडवले. एका सिंहाचे तोंड माणसासारखे झाले आहे. ते कोणी सुधारले नाही.

पुढच्या दारापासून मागच्या अंगणापर्यंत एक सरळ बोळ जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. सॅम्युएल यांच्या चार बायका होत्या. वरचा मजला थोरल्या दोघींच्या मुलांचा आणि खालच्या खोल्या धाकट्या दोघींच्या मुलांच्या, अशी वाटणी त्यांनी स्वतःच करून दिली. आवेरो ही चौथ्या बायकोची एकुलती एक मुलगी. तिचे लग्न झाले, पण मूल झाले नाही, आणि नवव्या वर्षी ती आपली पेटी घेऊन परत आली. नवऱ्याचे घर सोडून आलेल्या बाईला तिथे फार बोल लावतात. आवेरोने ते ऐकून घेतले आणि घर झाडायला घेतले. पुढची चाळीस वर्षे ती ते झाडत राहिली.

सॅम्युएल १९५१ साली वारले. रिवाजाप्रमाणे त्यांना घरातच, पुढच्या दिवाणखान्यात, खिडकीजवळ पुरले आणि वर संगमरवरी दगड बसवला. आवेरोची आई बारा वर्षांनी गेली. तिने नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात सहा वर्षे त्यांची सेवा केली होती, म्हणून तिलाही त्याच खोलीत, आतल्या भिंतीच्या बाजूला जागा मिळाली. दगड मात्र मिळाला नाही. जमीन उकरून परत लिंपली, इतकेच. त्या जागेच्या बरोबर वर तुळईला लोखंडी आकडा होता आणि त्याला कंदील टांगलेला असे. आईला खाली उतरवताना माणसांना कंदील चुकवण्यासाठी माना वाकवाव्या लागल्या होत्या, हे आवेरोच्या पक्के लक्षात होते.

दररोज पहाटे दिवाणखाना झाडून झाला की ती वडिलांच्या दगडाच्या कोपऱ्यापासून आतल्या बाजूला चार पावले मोजी, वाके आणि म्हणे, "आई, उठलीस का?" मग ती अंगणात जाई. त्या जागेवर तिने कधी पाय ठेवला नाही, भांडे ठेवले नाही, आणि ही जागा अमुक ठिकाणी आहे असे कोणाला सांगितलेही नाही. सांगण्याची गरजच कधी पडली नव्हती.

वडिलांना जाऊन पन्नास वर्षे होत आली तेव्हा घराण्याने मोठा स्मरणसोहळा ठरवला. थोरल्या बायकोचा नातू कोलापो हा सगळ्यात पुढे होता. घर नीटनेटके करण्याचे काम त्याने साका नावाच्या गवंड्याला दिले, आणि धुळीने आत्याला खोकला होईल म्हणून तिला तीन आठवडे इबादानला भाचीकडे पाठवले.

सोहळ्याला चार दिवस उरले असताना आवेरो परत आली आणि दिवाणखान्याच्या दारातच थांबली. आतली भिंत नव्हती. रस्त्याकडची भिंत आणि खिडकीही नव्हती. पुढचा ओटा आत घेतला होता आणि त्याच्या टोकाला रुंद दार बसवले होते. छताखाली प्लास्टिकचे नवे पांढरे छत लावले होते. जमिनीवर पांढरी, चकचकीत फरशी होती आणि तिच्या मधोमध वडिलांचा दगड होता.

"कोलापो, दगड इथे कसा?"

"कोपऱ्यात बरा दिसला असता का, आत्या? बिशप येणार आहेत. मधोमध घेतला."

"अरे, माणूस तिकडे आणि दगड इकडे?"

"लोक दगडालाच नमस्कार करणार ना? खाली उतरून कोण बघतंय?"

"आणि माझी आई?"

कोलापोने फरशीकडे पाहिले. तो वाईट माणूस नव्हता. "आजी होती तिथंच आहे, आत्या. कुणी खणलेलं नाही. नुसती वरून फरशी टाकली."

"कुठं, ते दाखव."

त्याला दाखवता आले नाही. आवेरोलाही दाखवता येईना. तिची चार पावले दगडापासून मोजायची होती, आणि दगडाचे ठिकाण बदलले होते. भिंती असत्या तर अंदाज तरी करता आला असता. तिने काठीने फरशी ठोकून पाहिली. साकाने काम घाईत उरकले होते, त्यामुळे फरशी जिथे ठोकावी तिथे पोकळ वाजत होती. सगळ्या खोलीखाली कोणीतरी असावे, असा तो आवाज होता.

त्या दिवसापासून ती दिवाणखान्यातून कडेकडेने, भिंतीला हात लावून जाऊ लागली. घरात येणारी-जाणारी माणसे फरशीवरून खुर्च्या ओढीत, लहान मुले घसरगुंडी खेळत, आणि प्रत्येक आवाजाला ती थांबून फरशीकडे पाही.

"भिंतीवरच्या पालीसारखं काय चालतेस गं आत्या?" कोलापो म्हणाला.

"पालीला निदान माहीत असतं आपण कशावर पाय देतोय ते," आवेरो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोलापोची बायको मोजिसोला आवेरोच्या खोलीत आली. त्या घरात लग्न करून आलेल्या बायका घरच्या लेकींना धनी म्हणतात, आणि मोजिसोलाला त्यातून थट्टा करण्याची हौस होती. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"धनी, बाहेरच्या खोलीत खोकतं कोण?"

"मी नाही."

"तुम्ही नाहीच. मी खुर्च्या पुसत होते, तिथं चिटपाखरू नव्हतं. दोनदा आवाज आला. कोरडा. कुणी आत येऊ का विचारावं तसा."

आवेरोची आई कोणत्याही खोलीत शिरण्यापूर्वी दोनदा खोकत असे. मोजिसोलाने तिला कधी पाहिलेही नव्हते. आवेरोने सुनेला याविषयी काही सांगितले नाही. तिला पाणी पाजले आणि म्हणाली, "पुन्हा ऐकू आलं तर 'या' म्हण. घाबरू नकोस."

मात्र तिने त्याच वेळी मनाशी ठरवले की सोहळ्यापूर्वी जागा सापडलीच पाहिजे. शनिवारी त्या फरशीवर दोनशे माणसे नाचणार होती. आपली आई कोणाच्या पायाखाली आहे हे ठाऊक नसताना जेवणाच्या पंगतीला बसणे तिला शक्य नव्हते.

शुक्रवारी दुपारी घरातली मंडळी मंडपाच्या कामाला गेली असताना तिने साकाला गाठले. तो कडेच्या पट्ट्या बसवत होता.

"साका, वरच्या पुढच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

"आहे, माई. माझं सामान आहे तिथं. पण वर कशाला? तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. तू चल."

ती वीस वर्षांत वरच्या मजल्यावर गेली नव्हती. तिथे तिचा हक्क नव्हता. कठड्याला धरून ती एकेक पायरी चढली. वरच्या खोलीत काही बदललेले नव्हते. तीच लाकडी जमीन, तीच रंगीत काच. तिने साकाला जमिनीवरची चटई गुंडाळायला लावली. खालच्या आकड्याचा बोल्ट तुळईतून वर आलेला असणार, हे तिने तीन रात्री विचार करून काढले होते. तो गंजून काळा झाला होता, पण होता. छत लावताना खालचा आकडा कापलेला होता, म्हणून साकाने बोल्ट पाना लावून फिरवला, वर ओढून काढला आणि त्या भोकातून खाली पाहिले.

"खाली माझं छत आहे, माई."

"त्याला भोक पाड."

"कोलापोसाहेब माझी कातडी सोलतील."

"भोक माझ्या नावावर सांग. आणि तुझा ओळंबा सोड खाली."

साकाने तापवलेल्या सळईने छताला बारीक भोक पाडले, ओळंब्याची दोरी सोडली, आणि वरचे टोक खिळ्याला बांधले. मग दोघे जिना उतरून खाली आले. उतरायला आवेरोला फार वेळ लागला. ती दिवाणखान्याच्या दाराशी पोहोचण्याआधी साकाने आत पाहिले आणि तो जागीच थबकला.

पितळी ओळंबा संगमरवरी दगडाच्या वर, सॅम्युएल यांच्या नावापासून चार बोटांवर स्थिर झाला होता.

"मी दगड मुद्दाम नाही बसवला इथं," साका हळूच म्हणाला. "दोन्ही बाजूंनी मोजलं आणि मध्य काढला. देवाशपथ."

"तुझी काही चूक नाही."

"हलवू का? तासाभराचं काम आहे. बाबांना बाबांच्या जागी नेतो."

आवेरो दगडाकडे पाहत उभी राहिली. ज्या बाईपुढे अडतीस वर्षांत तिच्या मुलीशिवाय कोणी वाकले नव्हते, तिच्यापुढे उद्या थोरल्या बायकोच्या घरातली सगळी माणसे गुडघे टेकणार होती. हे चुकीचे होते, आणि ते चुकीचे आहे हे तिला कळत होते. परंतु तिच्याने "हलव" म्हणवले नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "दोरी काढून घे."

मग ती पहिल्यांदाच दगडापर्यंत सरळ चालत गेली आणि वाकून म्हणाली, "आई, उठलीस का?" त्यानंतर वडिलांची खरी जागा काढायला तिने दगडाच्या कोपऱ्यापासून रस्त्याच्या दिशेला चार पावले मोजली. चौथे पाऊल नव्या दाराच्या आत, अगदी वाटेत पडले. येणारा प्रत्येक माणूस तिथेच पाय देऊन आत येणार होता.

शनिवारी एकसारखे निळे कापड नेसून सगळे घराणे जमले. बिशपांनी प्रार्थना केली. थोरल्या घरातले वृद्ध दगडापाशी लोटांगण घालू लागले, आणि ढोलकऱ्यांनी सॅम्युएल यांची बिरुदे ढोलातून वाजवली. आवेरोने हात जोडून ते पाहिले. खोकला ऐकू आला नाही. त्याऐवजी दाराकडून तिला काठीचे तीन ठोके ऐकू आले. शेवटच्या आजारपणात पाणी हवे असले की वडील तशीच काठी आपटत आणि आई पेला घेऊन धावत जाई.

ढोल जोरात सुरू झाले आणि लोक नाचत आत येऊ लागले. आवेरो उठली, दाराशी गेली आणि त्या जागेच्या अगदी कडेला, दारातून येणाऱ्यांच्या वाटेत, उभी राहिली. नाचणारी माणसे तिला वळसा घालून जाऊ लागली. कोणी हसले, कोणी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्या, वाटेत काय उभी राहतेस? ये, नाच तरी."

"तुम्ही नाचा. मी इथं बरी आहे."

"अगं, पाय दुखतील तुझे."

"मग खुर्ची दे आणून."

कोलापोने हसत खुर्ची आणली. तिने ती स्वतः सरकवून, हवी तिथे ठेवली आणि बसली. सोहळा संपल्यावरही ती खुर्ची तिने तिथून हलवू दिली नाही. घरातल्यांनी थोडी कुरकुर केली, आणि मग बाजूने आत येण्याची त्यांना सवय झाली.

अजूनही ती सकाळचे झाडणे उरकले की तिथे येऊन बसते. दुपारी घर शांत असताना ती मध्येच मान वळवून ऐकते, खुर्चीच्या हाताला धरून उठते, आत जाते, आणि पाण्याचा पेला आणून खुर्चीच्या पायाशी फरशीवर ठेवते. मोजिसोलाने एकदा विचारले, "धनी, हे कुणाला?"

"तहान लागलेल्याला," आवेरो म्हणाली आणि तिने सुनेला पाय जपून टाकायला सांगितले.